दिव्याखालचा अंधार : वादळाचा माग काढण्याचा इतिहास

ढगाचा मार्ग गावांच्या आणि नद्यांच्या नावांनी सांगता येतो, हे आपल्याला प्रथम कालिदासाने शिकविले. ‘मेघदूता’तला यक्ष रामगिरीवरून मेघाला वाट सांगतो: आम्रकूट, रेवा, विदिशा, उज्जयिनी आणि शेवटी अलका. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. त्याला आक्षेपही घेतले गेले. तो वाद येथे उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही. आमचे लक्ष वेगळ्या गोष्टीकडे आहे. रामटेकपासून काही अंतरावर, नागपूरच्या ईशान्य कडेला, कळमना येथे मोठा कृषी बाजार भरतो. तेथे ओट्यांवर पोती लागलेली असतात आणि संत्र्यांचे ढीग पडलेले असतात. तेथल्या अडत्याला, हमालाला आणि गावाकडून माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला मार्च महिन्यात ढगाविषयी एकच प्रश्न पडतो: हा कोणत्या दिशेला चालला आहे, आणि ताडपत्री टाकायला वेळ आहे की नाही? यक्षाने मेघाला वाट सांगितली. येथे मेघाची वाट विचारावी लागते. या प्रश्नाला उत्तर देण्याची विद्या कशी घडली, याचा थोडक्यात आढावा घ्यावा असे आम्हांस वाटते.

वादळाचा माग प्रथम काढला गेला तो वादळ निघून गेल्यावर. कलकत्त्यात सागरी चौकशी न्यायालयाचे काम पाहणारे हेन्री पिडिंग्टन हे वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या गोळा करीत. प्रत्येक कप्तानाने लिहिलेली वाऱ्याची दिशा आणि वायुभारमापकाची घसरण नकाशावर मांडली की विखुरलेल्या साक्षींतून एक वर्तुळ उमटे. या वर्तुळाला त्यांनी सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ सुचविणाऱ्या ग्रीक शब्दावरून ‘सायक्लोन’ हे नाव दिले. १८४८ साली त्यांच्या खलाशांसाठीच्या पुस्तकातून ते जगभर गेले. आपले ‘चक्रीवादळ’ त्याच कल्पनेचे अपत्य आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एकाही साक्षीदाराने वादळ पूर्ण पाहिलेले नव्हते. पूर्ण वादळ पाहिले ते कागदपत्रे जुळविणाऱ्याने.

परंतु गेलेल्या वादळाचा नकाशा कोणाचा जीव वाचवीत नाही. त्यासाठी वाऱ्याहून वेगाने धावणारा निरोप हवा, आणि तो तारायंत्राने दिला. १८६४ मध्ये कलकत्त्यावर विनाशकारी चक्रीवादळ आले, पुढे पावसाने दगा दिल्याने दुष्काळ पडले, आणि १८७५ साली हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली भारतीय हवामान विभाग उभा राहिला. १९४० च्या दशकात नागपूरला त्याचे प्रादेशिक केंद्र झाले. ठरावीक वेळी सर्वत्र निरीक्षणे घ्यायची आणि ती तारेने एकत्र आणून नकाशा काढायचा, ही ती पद्धत. शेकडो किलोमीटर पसरलेले आणि चार-पाच दिवस जगणारे चक्रीवादळ या जाळ्यात सापडते. दुपारी तीनला जन्मून पाचला विरणारे, दहा-पंधरा किलोमीटर रुंदीचे गडगडाटी वादळ मात्र दोन निरीक्षणांच्या आणि दोन केंद्रांच्या मधल्या फटीतून निसटते. टोर्नेडो तर याहूनही लहान. त्याची वाट कित्येकदा काहीशे मीटर रुंद असते आणि आयुष्य काही मिनिटांचे.

या अल्पजीवी संकटाचा पाठलाग अमेरिकेत सर्वाधिक झाला. १८८० च्या दशकात सैन्यातील जॉन फिन्ली यांनी गावोगावी वार्ताहर नेमून टोर्नेडोंच्या नोंदी जमविल्या आणि प्रायोगिक अंदाजही वर्तविले. पण लोक घाबरतील या भयाने ‘टोर्नेडो’ हा शब्दच अंदाजात नको, असे वरिष्ठांनी ठरविले. १९५० पर्यंत सर्वसाधारण अंदाजांत तो बहुतांशी टाळला गेला. २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर विमानतळ टोर्नेडोने उद्ध्वस्त केला. पाचच दिवसांनी फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांनी नकाशावर तशीच स्थिती ओळखून इशारा दिला, आणि त्याच संध्याकाळी त्याच तळावर दुसरा टोर्नेडो आला. पुढे ३ आणि ४ एप्रिल १९७४ रोजी तेरा राज्यांत १४८ टोर्नेडो उठले व तीनशेहून अधिक माणसे दगावली. तेत्सुया फुजिता यांनी विमानातून पडलेली झाडे व मोडलेली घरे पाहून त्या साऱ्या वाटा एका नकाशावर आणल्या. पिडिंग्टन यांनी वह्या वाचल्या होत्या, फुजिता यांनी जमीन वाचली.

टोर्नेडो ही परदेशाची गोष्ट आहे, असा समज आपल्याकडे आहे. तो खरा नाही. १७ मार्च १९७८ रोजी टोर्नेडो दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातून गेला. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील माणिकगंज भागात आलेल्या टोर्नेडोत सुमारे तेराशे माणसे गेली. २४ मार्च १९९८ रोजी ओडिशा-बंगालच्या सीमेवर शंभराहून अधिक बळी पडले. विदर्भात त्याच ऋतूचे संकट बहुधा गारपिटीचे रूप घेते. पश्चिमेकडून येणारी थंड हवेची द्रोणी वर, आणि दोन्ही समुद्रांकडून आलेली दमट हवा खाली. या दोहोंची गाठ मध्य भारतावर पडते. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत ही गाठ पुन्हा पुन्हा पडत राहिली. विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्र यांवर जवळजवळ तीन आठवडे गारा कोसळल्या. गहू-हरभरा शेतात उभा किंवा कापून पडलेला होता. संत्र्याचा मृग बहार तोडणीला आलेला, तर आंबिया बहाराची फळधारणा नुकती सुरू झालेली. म्हणजे त्या वर्षीचे फळ आणि पुढच्याची आशा ही दोन्ही एकाच माऱ्यात सापडली.

आता नागपूरला डॉप्लर रडार आहे. ते काही मिनिटांच्या अंतराने आकाश चाळते आणि ढगातील पाणी, गारा व वाऱ्याचा वेग दाखविते. तथापि त्यालाही मर्यादा आहेत. पृथ्वी गोल असल्याने त्याचा किरण दूर जाताना वर वर जातो. दोनशे किलोमीटरवर सर्वांत खालचा किरणदेखील जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर उंच असतो, त्यामुळे दूरच्या गावावर ढगाच्या पायाशी काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. उलट अगदी जवळ, वीस-एकवीस अंशांपेक्षा वर ते बहुधा पाहत नाही. दहा-बारा किलोमीटरवरच्या कळमन्याच्या माथ्यावर त्याची दृष्टी चार-साडेचार किलोमीटरवर संपते, आणि गार तर मार्चमध्ये त्याहून वरच वाढते. दिव्याखाली अंधार ही म्हण शास्त्राच्या पुस्तकात घालावी इतकी येथे चपखल आहे. हा अंधार दुसऱ्या गावच्या रडारने भरून काढावा लागतो. पिडिंग्टन यांचा धडा येथेही लागू पडतो: एका डोळ्याला वादळ पूर्ण दिसत नाही.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ हे ॲप तयार केले, आणि २०१९ मध्ये शेतकऱ्यांसाठी हवामान सल्ल्याचे ॲप आले त्याचे नाव ‘मेघदूत’. ज्याने ते नाव सुचविले त्याला रामगिरी आठवला असावा, असे आम्हांस वाटून गेले. पण इशाऱ्याचा शेवटचा टप्पा अजून भाषेचाच आहे. ‘ऑरेंज अलर्ट’ हे शब्द संत्र्याच्या बाजारात ऐकणाऱ्याने काय समजावे? हवामान विभागाच्या परिभाषेत त्यांचा अर्थ ‘सज्ज राहा’ एवढाच आहे. गावात तो ‘वावधन येऊन राहिलं, माल झाका’ अशा वाक्यात उतरला तरच कामाचा. अमेरिकेत एक शब्द दाबून ठेवल्याने लोक दशकानुदशके अंधारात राहिले. आपल्याकडे शब्द सांगितला जातो, पण तो ऐकणाऱ्याचा नसतो. फळ एकच.

वादळाचा इतिहास हा वाऱ्याचा इतिहास वाटतो. आम्हांस तो साक्षींचा आणि निरोपांचा इतिहास वाटतो. जेथे लिहिणारा नव्हता तेथली वादळे नकाशावर आलीच नाहीत. कित्येक खेड्यांतील गारपिटी कोणा आजीच्या बोलण्यात तेवढ्या उरल्या आहेत: अमक्याच्या लग्नाच्या वर्षी, तमक्याचा बैल मेला त्या वर्षी. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने त्या बोलण्याची तारीख लावावी, गाव लिहावे, वाऱ्याची दिशा विचारावी. पिडिंग्टन यांनी याहून वेगळे काही केले नव्हते.