तातीचा दोरा आणि वासराची मान

भडगावच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो, आणि कापूस तिथे पिंजारी आलाच. थंडीच्या तोंडावर तो खांद्याला धनुकली लावून गिरणाकाठच्या गावांतून फिरे. अंगणात जुन्या गाद्या उसवल्या जात आणि तातीचा टणत्कार गल्लीभर घुमे. ती तात असे मेंढी-बकरीच्या आतड्याची, साफ करून, पीळ देऊन वाळवलेली. दिवसभर ठोके खाऊनही ती दाद देत नसे.

हाच आतड्याचा दोरा अंगात शिवला, तर काही आठवड्यांत नाहीसा होतो. शस्त्रवैद्य त्याला कॅटगट म्हणतात. लंडनच्या ॲस्टली कूपरने 1817 मध्ये रक्तवाहिनी बांधायला तो वापरला होता. पण आत त्याचे पुढे काय होते, हे नीट पाहिले ते जोसेफ लिस्टरने.

लिस्टरने आधी एका घोड्याची मानेतली धमनी कार्बॉलिक ॲसिडमध्ये भिजवलेल्या रेशमाने बांधली. मग डिसेंबर 1868 मध्ये पाळी आली एका वासराची. त्याच्या धमनीला दोन गाठी मारल्या : एक कॅटगटची, दुसरी बैलाच्या आतड्यावरच्या पातळ पडद्याची. महिनाभराने वासरू मारून मान उघडली, तेव्हा पू नव्हता. दोऱ्यांच्या जागी जिवंत ऊतकाचे पट्टे होते. वासराच्या पेशींनी दोरा खाल्ला होता आणि जागा आपल्या ऊतकाने भरून काढली होती. आज हे वाचताना वासराची कणव येते, पण हे उत्तर काचेच्या नळीतून मिळणारे नव्हते.

गोष्ट इथे संपत नाही, कारण कॅटगट फार घाईचा होता. शरीर त्याला परके प्रथिन मानते : आधी पांढऱ्या पेशी धावतात, मग महाभक्षी पेशी येतात, विकरे सोडून दोरा कुरतडतात, आणि भोवती सूज येते. साधा कॅटगट आठवडा-दहा दिवसांतच ढिला पडतो, पोटाची जखम तेवढ्यात भरत नाही. लिस्टरनेच पुढे क्रोमिक ॲसिडचा उपाय काढला, आणि दोरा अधिक दिवस टिकू लागला.

खरी कलाटणी मिळाली ती अमेरिकी लष्कराच्या संशोधनातून. आर. के. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी 1966 मध्ये पॉलिलॅक्टिक ॲसिडवरचा निबंध छापला. गिनीपिग आणि उंदरांच्या अंगात हे द्रव्य विषारी ठरले नाही, आणि सावकाश विरघळले. पेशींनी कुरतडण्याची वाट न पाहता इथे पाणीच बहुवारिकाची साखळी तोडते. उरलेले लॅक्टिक ॲसिड तर स्नायूंतही रोज तयार होते. म्हणून दाह कमी, आणि वेळेचा अंदाजही जास्त पक्का. 1971 मध्ये कटराइट आणि सहकाऱ्यांनी माकडांचे मोडलेले जबडे याच द्रव्याच्या टाक्यांनी सांधून पाहिले. त्याच सुमारास पॉलिग्लायकॉलिक ॲसिडचा ‘डेक्सॉन’ दोरा बाजारात आला.

अडचण मात्र राहिलीच. उंदराची जखम माणसाच्या जखमेपेक्षा लवकर भरते, म्हणून उंदरावर जमलेले वेळापत्रक माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाही. यासाठी ससा, कुत्रा, मेंढी अशी चढत जाणारी चाचणी लागते. भारतात त्यावर 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंध कायद्याखालच्या समितीची देखरेख असते.

गायीगुरांच्या मेंदूरोगाच्या भीतीने युरोपने 2001 च्या सुमारास कॅटगट बाजूला केला. आपल्याकडे पशुवैद्यांच्या पेटीत क्रोमिक कॅटगट अजून आहे, आणि गायी-म्हशींचे टाके त्याने घातले जातात.