उजवं-डावं

बँकेत तारखेला फार मान. चेकवर पुढची तारीख असेल तर आम्ही त्याला दारातूनच परत पाठवतो आणि तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर ओळखही दाखवत नाही. त्यामुळे उबुंटू नावाच्या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर माझा जीव जडला तो तिच्या आकड्यांमुळे. पहिली आवृत्ती ४.१०, म्हणजे २००४ साल, दहावा महिना. पुढे दर एप्रिल-ऑक्टोबरला नवी. २००६ साली एप्रिलची आवृत्ती सहा आठवडे लांबली, तर त्यांनी निमूटपणे ६.०६ असा जूनचा आकडा घातला. मागची तारीख टाकायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही, साहेब!

पहिलीचं नाव मात्र 'वॉर्टी वॉर्टहॉग', म्हणजे चामखिळीवालं रानडुक्कर. दृष्ट लागू नये म्हणून आपल्याकडे दगडू-धोंडू ठेवत, त्यातलाच प्रकार.

आतला गाभा लिनक्सचा. तो लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतला. उबुंटूचे यजमान मार्क शटलवर्थ, दक्षिण आफ्रिकेचे. १९९९ साली कंपनी विकून गबर झाले, २००२ साली पदरचे पैसे भरून अंतराळात जाऊन आले आणि मग जगभर फुकट सीडी वाटू लागले. टपालखर्चसुद्धा त्यांचाच! हे अन्नछत्र २०११ पर्यंत चाललं. आमच्याकडे ते परदेशी पाकीट आलं तेव्हा बाबांनी दोन दिवस उघडू दिलं नाही. "फुकट कोणी विषसुद्धा देत नाही," म्हणाले. सीडीवरूनच संगणक चालवून बघायची सोय होती. घेण्याआधी साडी नुसती खांद्यावर टाकून पाहावी, तसं. आतलं जुनं काही पुसलं जात नाही हे पाहिल्यावर बाबा निवळले.

मग आली २०१० सालची १०.०४. खिडकी बंद करायची, लहान-मोठी करायची बटणं उजवीकडची उचलून डावीकडे! जगभर काहूर माजलं. शटलवर्थनी स्पष्ट सांगितलं, असले निर्णय मतदानाने होत नसतात. पुढच्या वर्षी 'युनिटी' नावाने पडद्याचं सगळं रूपच बदललं. माझे एक सहकारी म्हणाले, "फुकटच्या जेवणात मीठ कमी म्हणायचं नसतं."

इथेच मला मराठीचा अभिमान वाटतो. इंग्रजीत दोन्हीला 'फ्री'च म्हणतात. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. फुकट खाणाऱ्याने गप्प बसावं, कबूल. पण ही वस्तू मुक्तही आहे. तिची सगळी पाककृती उघड्यावर ठेवलेली, कोणीही उचलावी आणि वेगळी चूल मांडावी. तशा मांडल्याही. अर्जेंटिनातल्या एका वापरणाऱ्याने २०११ साली जुनंच रूप 'माते' या नावाने चालू ठेवलं. मिंटवाल्यांनी 'सिनॅमन' काढलं. आमच्या भाऊबंदकीत एका खोलीवरून तीन पिढ्या कोर्टात जातात. इथे वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला अख्खं घर!

२०१७ च्या एप्रिलात शटलवर्थनी युनिटी सोडत असल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरच्या १७.१० मध्ये बटणं परत उजवीकडे आली. साडेसात वर्षं लागली. दिवाणी दाव्याच्या मानाने लवकरच म्हणायचं.

२०२४ च्या एप्रिलात २४.०४ आली, तीही मी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिली. "नवीन काय आहे त्यात?" बायकोने विचारलं. मी आधी बटणं पाहत होतो. उजवीकडेच होती.