विडी वळणारा कामगार आहे की नाही? वर्षभरात आलेली दोन उत्तरं

कामावरून काढलेल्या माणसाला न्याय मागायचा तर त्याला आधी एक वेगळंच सिद्ध करावं लागतं, की तो कामावर होता. मालक म्हणतो, 'हा माझा नोकरच नाही. हा आपल्या मर्जीने येतो, नगावर पैसे घेतो, जातो.' अ‍ॅपवरून डिलिव्हरी करणाऱ्या पोरांच्या बाबतीत आज आपण हे ऐकतो, पण युक्तिवाद जुना आहे. महाराष्ट्रात तो सगळ्यात रंगला विडीच्या धंद्यात.

पहिलं प्रकरण नागपूरचं, बिर्धीचंद शर्मा खटला. तिथल्या एका विडी कारखान्यातल्या तीन कामगारांनी रजेचा पगार मागितला. मालकाचं म्हणणं, हे फॅक्टरी कायद्याखालचे कामगारच नव्हेत, कारण हजार विड्यांवर दाम, आणि यायची-जायची वेळ ज्याची त्याची. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1960 मध्ये ते मान्य केलं नाही. काम कारखान्यातच बसून करायचं, दुपारी बारानंतर आलात तर काम नाही, दर्जा न भरलेल्या विड्या बाद, आणि आठ दिवस गैरहजर राहिलात तर नाव कमी. एवढी पकड असेल तर तो नोकरच, असं न्यायालय म्हणालं. त्याआधी धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात मिठागरातल्या आगरियांबद्दलही न्यायालयाने असंच धरलं होतं. ते स्वतःचे मदतनीस आणत, तरीही ते कामगार ठरले.

मग दहाच महिन्यांत शंकर बालाजी वाजे खटला आला. महाराष्ट्रातलाच विडी कारखाना. 1957 मध्ये एका कामगाराचं काम संपलं आणि त्याच्या चार दिवसांच्या हक्काच्या रजेचे पैसे मालकाने दिले नाहीत. चार दिवसांचे! मुंबई उच्च न्यायालयाने मालकाला दोषी धरलं, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जिंकला. बहुमताने ठरलं की हा 'वर्कर' नव्हे. का? तो वाटेल तेव्हा येई-जाई, परवानगीने पानं कापायला घरी नेई, काम कसं करायचं हे त्याला कुणी सांगत नसे. दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहायचं तर कळवावं लागे, पण ती रजा नव्हे, काम सोडलेलं नाही एवढी खात्री पटवायची. न्या. सुब्बा राव यांनी मात्र वेगळा निकाल लिहिला.

आता बघा, दोन्हीकडे तंबाखू मालकाची, पानं मालकाची, दर मालकाचा, बाद करायचा अधिकार मालकाचा. फरक काय, तर एकीकडे आठ दिवसांचा नियम आणि दुसरीकडे दहा दिवसांची कळवाकळव. मला हा फरक पटत नाही. विडी वळणाऱ्याच्या बोटांना 'कसं वळ' हे रोज सांगावं लागत नाही, ते तो लहानपणीच शिकलेला असतो. सांगावं लागत नाही म्हणजे ताबा नाही, असं धरलं तर कसबी माणूस जितका तरबेज तितका त्याचा हक्क कमी!

गाठ शेवटी संसदेने सोडवली. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही कर्मचारी म्हटलं, मधे सट्टेदार असला तरीही. सहा महिने काम केलेल्याला सबळ कारणाशिवाय आणि महिन्याच्या नोटिशीशिवाय (किंवा तेवढ्या पगाराशिवाय) काढता येणार नाही, हेही त्यात आलं. मालक कोर्टात गेले. 1974 मध्ये मंगलोर गणेश बीडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. पुढे 1978 च्या हुसेनभाई खटल्यात, जिथे केरळातल्या दोरखंडाच्या कारखान्यात 29 जणांना काम नाकारलं होतं, न्या. कृष्ण अय्यर यांनी मधल्या ठेकेदाराचा पडदा बाजूला सारून खरा मालक बघायला सांगितलं.

हे सगळं देवगाव फाट्यावर उभं राहून वाचलं की ऊसतोडीचा विचार येतोच. आपल्या परभणीच्या भागातून कारखान्यांवर जाणारा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, टनावर पैसे घेतो. ऊस कारखान्याचा, तोडीचा कार्यक्रम कारखान्याचा. पण विचारलं तर ही माणसं मुकादमाची. आणि विडीवाल्यापेक्षा इथे एक गुंता जास्त आहे, तो उचलीचा. हंगामाच्या मधे फडावरून हाकललं तर विडीवाल्याचं निदान मालकाकडे येणं निघायचं. कोयत्याच्या अंगावर उचल फिटायची बाकी असते, म्हणून तो नोटीस मागायला जातच नाही, उलट लपत फिरतो.

2020 च्या संहितांनी विडीचा 1966 चा कायदा पोटात घेतला. त्याच वर्षीच्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' हा शब्द प्रथमच आला, पण व्याख्या केली ती पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर काम करणारा अशी. म्हणजे वाजे खटल्यात मालकाला जे सिद्ध करावं लागलं होतं, ते इथे व्याख्येतच लिहिलेलं आहे.