आखूड तारेचा लांब आवाज

मराठी शाळेत विज्ञान शिकलेल्या मुलाला 'कुंतल' म्हटले की तांब्याच्या तारेचे वेटोळे आठवते. कविता वाचणाऱ्याला मात्र मानेवर रुळणारे केस आठवतात. मी कवितेच्या बाजूचा माणूस. तरीही आज बोलायचे आहे ते तारेच्या कुंतलाविषयी. ज्याच्याजवळ उंच मनोरा नाही, मोकळी जागा नाही, त्याने आपला आवाज दूरवर पोहोचवायचा कसा? या प्रश्नाचे एक उत्तर त्या वेटोळ्यात आहे.

रेडिओच्या आवाजाला जागा लागते. लहर जेवढी लांब, तेवढा अँटेनाही लांब. उभा अँटेना लहरीच्या लांबीच्या साधारण पाव भागाइतका असावा, हा जुना हिशेब. सरकारजवळ जागेची ददात नसते. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये थेट बिनतारी संदेश सुरू झाले, तेव्हा पाठवण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि घेण्याचे दौंडला. त्यासाठी पोलादी मनोरे ओळीने उभे करण्यात आले. साम्राज्याचा आवाज होता, त्याला माळरान मिळाले.

पण १९४२ च्या मुंबईत दुसऱ्या एका आवाजाला जागा हवी होती. महायुद्ध सुरू होताच १९३९ साली हौशी रेडिओचालकांचे परवाने सरकारने रद्द केले होते. ९ ऑगस्ट १९४२ ला नेत्यांची धरपकड झाली, वर्तमानपत्रांवर बंधने आली. त्याच महिन्यात उषा मेहता, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर अशा तरुणांनी गुप्त काँग्रेस रेडिओ उभारला. प्रक्षेपक जुळवला तो नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने. डॉ. राममनोहर लोहियांचे पाठबळ होते. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून ही मंडळी बिऱ्हाडे बदलत राहिली. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ ला छापा पडला. उषाताई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

या रेडिओची लहर होती ४२.३४ मीटरची. पाव भाग काढा: साडेदहा मीटर, म्हणजे सुमारे पस्तीस फूट. मोठ्या पद्धतीची आडवी, अर्ध्या लहरीची तार बांधायची तर एकवीस मीटर. दाटीवाटीच्या शहरात, पोलिसांच्या नजरेआड, आज एका घरात तर उद्या दुसऱ्या घरात राहणाऱ्यांसाठी एवढी तार ही केवढी अडचण! प्रक्षेपक पेटीत मावतो, तार मावत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. आज ज्या पट्ट्याला हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम मंडळी, 'चाळीस मीटर' म्हणतात, त्याच पट्ट्यातली ही जागा.

आखूड तारेवरचा उपाय मात्र रेडिओइतकाच जुना आहे. १८९७ साली ऑलिव्हर लॉज या इंग्रज शास्त्रज्ञाने अँटेनाच्या वाटेत वेटोळे घालून तो हव्या त्या लहरीशी जुळवण्याचे पेटंट घेतले. त्याआधी दहा वर्षे ऑलिव्हर हेविसाइडने टेलिफोनच्या लांब तारांमधला आवाज विस्कटू नये म्हणून असाच गुण तारेत वाढवावा, असे गणिताने दाखवले होते. पुढे अशा वेटोळ्यांना 'लोडिंग कॉइल' हे नाव रूढ झाले.

त्यामागचे तत्त्व सोपे आहे. गरजेपेक्षा आखूड दांडा कपॅसिटरसारखा वागतो आणि विजेचा प्रवाह आत घेत नाही. वेटोळ्याचा स्वभाव नेमका उलटा. दोघांची ओढ सारखी झाली की एकमेकांना मारते आणि प्रवाह मोकळा होतो. आखूड दांडा लांब असल्यासारखा वागू लागतो.

पण फुकट काही मिळत नाही. मोटारीवर लावलेला अडीच मीटरचा दांडा घ्या. चाळीस मीटरच्या लहरीवर त्याची आवाज बाहेर फेकण्याची ताकद, इंजिनिअरांच्या मापात, जेमतेम १.३ ते १.४ ओहम. पूर्ण उंचीच्या अँटेनाची सुमारे ३६. दांडा जुळवायला साधारण ९०० ओहमचे वेटोळे लागते. ते नीट गुंडाळले तर त्याचा स्वतःचा रोध तीन ओहमपर्यंत ठेवता येतो. निष्काळजीपणे गुंडाळले तर अठरा ओहमवर जातो. जमिनीतली तूट बाजूला ठेवली तरी शंभर वॅटमधले पहिल्या वेटोळ्याने सुमारे ३१ वॅट आकाशात जातात, दुसऱ्याने फक्त सात. बाकीच्यांनी वेटोळे तापते. यंत्र तेच, दांडा तोच, फरक फक्त हाताच्या कामाचा.

मग नीट गुंडाळायचे म्हणजे काय? सोलापूर-धुळे रस्त्यावरच्या आमच्या वडीगोद्रीच्या भागात जळालेली पाण्याची मोटार रिवायंडिंगला टाकणे नवे नाही. तिथला कारागीर वेढ्याला वेढा भिडवून तार खाचेत ठासून बसवतो. अँटेनाच्या वेटोळ्यात नेमके उलटे करायचे. उच्च कंपनांची वीज तारेच्या पोटातून जात नाही, कातडीवरून जाते. चाळीस मीटरवर ही कातडी मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढी. म्हणून तार जाड हवी, पृष्ठभाग मोठा हवा. शेजारचे वेढे चिकटले तर एकमेकांचा प्रवाह एका बाजूला रेटतात आणि रोध वाढतो. म्हणून दोन वेढ्यांत तारेच्या जाडीइतकी मोकळी जागा सोडायची. मध्ये लोखंड नको, हवाच बरी; आधाराला प्लास्टिकच्या दोन-चार पट्ट्या पुरतात.

आपल्या अडीच मीटरच्या दांड्यासाठी बुडाशी बसवायचे वेटोळे असे होईल: १६ गेजची तांब्याची तार, पाच सेंटिमीटर व्यास, दहा सेंटिमीटर लांबी, ३१ वेढे. तार लागेल पाच मीटर. वेटोळे दांड्याच्या मध्यावर बसवले तर खालच्या भागात प्रवाह भरपूर राहतो आणि आवाज अधिक फेकला जातो, पण वेटोळ्याचा गुण जवळपास दुप्पट करावा लागतो. शिवाय चांगले वेटोळे अरुंद पट्ट्यातच काम करते. जागा थोडी बदलली की पुन्हा जुळवणी आली.

हा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. मराठवाड्याला ते सांगावे लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली. हजारो माणसे गेली, गावे मातीला मिळाली. अशा वेळी जखमी किती, औषध कुठे हवे, वाट कोणती मोकळी, एवढे कळवायलाही माध्यम लागते. त्या दिवसांत हॅम मंडळी संदेशवहनाला धावून आली. २००१ चा गुजरातचा भूकंप, २००४ ची त्सुनामी, या संकटांतही त्यांनी हेच काम केले. संकटाच्या जागी कुणी मनोरा घेऊन जात नाही. झाडाला बांधलेली तार, नाही तर जीपवरचा दांडा, एवढेच हाताशी असते. तिथे सात वॅट आणि एकतीस वॅट यांतला फरक म्हणजे निरोप पोहोचणे आणि न पोहोचणे यांतला फरक ठरू शकतो.

आज खिशाखिशात मोबाईल आहे. पण मोबाईललाही मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते, आणि भूकंपात, महापुरात पहिल्यांदा जाते ती वीज. हॅम होण्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. हे काम आता चोरून करण्याची गरज नाही. १९४२ च्या तरुणांना ती मुभा नव्हती. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या कॉलेजातल्या चार मुलांनी परवाना काढला आणि रिवायंडिंगवाल्याकडून पाच मीटर तार आणली, तरी पुरे. वेटोळे शांततेच्या दिवसांत गुंडाळून ठेवायचे असते. जमीन हलू लागल्यावर वेढे मोजायला वेळ मिळत नाही.