परक्या शहरातला पहिला जामीन

गेल्या मे महिन्यात वसईकडच्या आगाशीला बहिणीच्या ओटीवर बॅग भरणं चाललं होतं. भाच्याचं जर्मनीतलं एम.एस. संपलं होतं. महिनाभर घरी राहून तो आता तिकडच्याच दुसऱ्या, अनोळखी शहरात, स्टुटगार्टला, नोकरी शोधायला निघाला होता. केळीच्या सोपात बांधलेली सुकेळी, वर्षाचा मसाला, फडक्यात गुंडाळलेली लोणच्याची बरणी. बॅग काट्याला लावली तर वजन तेवीस किलोंच्या वर गेलं. बहिणीने लोणचं बाहेर काढलं, मसाला राहू दिला. तेवढ्यात शेजारचे काका म्हणाले, "मसाला ने बाबा, पण तिकडे आपल्या माणसांत राहू नकोस. नाहीतर दहा वर्षं राहूनही तुला ते शहर कळायचं नाही. तिथल्यांत मिसळ, म्हणजे रुळशील."

ओटीवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. हे मत एकट्या काकांचं नाही. पोरं परदेशी पाठवणाऱ्या घराघरांत ते ऐकू येतं आणि शहाणपणाचं म्हणून पुढे सांगितलं जातं. मला ते चुकीचं वाटतं, आणि ज्याचं पहिलं वर्ष त्यावर बेतायचं आहे त्याच्यासाठी ते घातकही आहे. म्हणून त्याचा नीट विचार करायला हवा.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. पहिला मुद्दा भाषेचा. खोलीत चौघं मराठी असतील तर संध्याकाळ मराठीतच जाते आणि जर्मन वर्गातच राहते. दुसरा नोकरीचा. आपली माणसं ज्या कामात असतात त्याच कामाची वाट दाखवतात, म्हणून इंजिनिअर झालेला मुलगाही गोदामाच्या पाळीत अडकतो. तिसरा मनाचा. आपल्या घोळक्यात माणूस मागचं गाव उगाळत बसतो. तिन्ही गोष्टी घडतात आणि मी त्या नाकारत नाही. पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

परक्या शहरात पाऊल ठेवणाऱ्याची खरी अडचण कोणती, ते पाहू. जर्मन विद्यापीठाची पदवी घेतलेल्या परदेशी मुलाला नोकरी शोधण्यासाठी 18 महिने मिळतात. घर बदललं की दोन आठवड्यांत नव्या पत्त्याची सरकारी नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. घरमालक सहसा मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागतो. पावत्या नोकरीशिवाय नाहीत, आणि मुलाखतींना हजर राहायचं तर त्या शहरात डोक्यावर छप्पर हवं. टोरांटोत हेच चक्र दुसऱ्या नावाने फिरतं. तिथे क्रेडिट हिस्टरी विचारतात, आणि काल आलेल्या माणसाकडे ती कुठून असणार? पदवी खरी असते, हुशारीही असते, पण त्या शहराच्या वहीत त्याच्या नावाचं पान कोरं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याची पत तयार झालेली नसते.

पत नसलेल्या माणसाचं काय करायचं, हे वसईला शिकवावं लागत नाही. 1918 साली इथे कॅथलिक समाजाची जी पतसंस्था सुरू झाली तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. सहकारी पतपेढीचं मर्म एका शब्दात आहे: जामीन. ज्याच्याजवळ तारण नाही त्याच्यासाठी ओळखीचा माणूस सही करतो, आणि त्या सहीवर अनोळखी व्यवहार सुरू होतो. परक्या शहरातली आपली माणसं नेमकं हेच करतात. "माझ्या खोलीत तीन महिने राहा, मालकाशी मी बोलतो", "याला मी ओळखतो, काम चोख करतो". हे जामीन राहणंच आहे. त्याला घेट्टो म्हणून हिणवणं म्हणजे कर्जदाराला जामीनदारापासून दूर राहायला सांगणं.

हे आजचंही नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे दानलेख आहेत. त्यातल्या एका खांबावर सातिमित नावाच्या दात्याचा लेख आहे. तो धम्मुत्तरीय पंथाचा भाणक, म्हणजे धर्मग्रंथ मुखोद्गत असलेला आणि ते म्हणून दाखवणारा विद्वान. त्याच्या काळातला पदवीधरच म्हणा. आणि तो कुठला? सोपाऱ्याचा. आज विरार लोकलच्या गर्दीत ज्याचं नाव पुकारलं जातं त्या नालासोपाऱ्याचा. घाट चढून गेलेल्या या माणसाने परक्या ठिकाणी खांब उभारून दिला आणि त्यावर गावाचं नाव कोरलं. शेजारच्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांचीही दानं आहेत, त्यांनीही आपलं मूळ सांगितलं आहे. आपलं गाव नावापुढे लावणं आणि नव्या जागेला खांब देणं यात त्यांना विरोध दिसला नाही. आपणच तो कल्पिला आहे.

काकांच्या बाजूने कुणी गोन्सालो गार्सियांचं नाव घेईल, आणि वसईत ते घ्यायलाच हवं. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला हा मुलगा जेझुइटांबरोबर कोवळ्या वयात जपानला गेला, जपानी उत्तम शिकला, पुढे व्यापारात पडला, मग मनिलात फ्रान्सिस्कन झाला. 1593 साली मनिलाहून जपानला गेलेल्या मंडळींत तो दुभाष्या होता. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत त्याला क्रूसावर मरण आलं आणि 1862 मध्ये तो संत ठरला. तिथल्यांत मिसळण्याचं याहून मोठं उदाहरण नाही, हे खरं. पण तो तिथे एकटा उतरला नव्हता. आधी जेझुइटांचं घर होतं, नंतर फ्रान्सिस्कनांचं. त्या घरात त्याचं जेवण आणि निजणं होतं, म्हणूनच भाषेसाठी बाहेर पडायला त्याच्याजवळ बळ होतं. 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या वसतिगृहात नवल भथेना हा मुंबईकडचा मित्र सोबतीला मिळाला, आणि ती मैत्री आयुष्यभर पुरली. एकट्याने जग जिंकल्याच्या कथा आपण सांगतो तेव्हा खोलीतल्या दुसऱ्या खाटेचा उल्लेख गाळतो.

शेजारच्या गोव्याने तर या खाटेची संस्थाच उभी केली. पोर्तुगीज अमलातून मुंबईत येणारे गोयंकार, म्हणजे बोटीवरचे खलाशी, आचारी, वाद्यवाले, आपापल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, उतरत. धोबीतलावच्या जेर महल इमारतीत अशा कुडी होत्या. एका भिंतीला आल्तार, समोर संध्याकाळच्या तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, गुडघे टेकायची जागा, बाकीच्या भिंतींना एकावर एक लावलेल्या पेट्या. बोट लागली नाही तोवर माणूस इथे राही, बोटीवर गेला की त्याची पेटी इथे त्याची वाट पाही. भाडं नाममात्र, आणि हिशेब गावाकडे पोचणारा. कुडीत राहिलेले गोयंकार मुंबईला परके राहिले, असं कोण म्हणेल? या शहराचं संगीत, हॉटेलं, चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांच्याशिवाय सांगता येत नाहीत.

आता नोकरीचा मुद्दा. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 साली दाखवलं की नोकरीची बातमी बहुधा जिवलगांकडून मिळत नाही, तर जुजबी ओळखीच्या माणसांकडून मिळते, कारण जिवलगांना तेच ठाऊक असतं जे आपल्याला आधीच ठाऊक असतं. काकांच्या बाजूचे लोक हे त्यांच्या पुराव्यादाखल मांडतील. पण नीट पाहा, परदेशातली आपली माणसं कोण असतात? रमेदीच्या मावशीच्या दिराचा मुलगा, भुईगावच्या कुणाचा वर्गमित्र. वसईत असताना यांचं तोंडही आपण पाहिलेलं नसतं. जुजबी ओळख म्हणतात ती हीच. एकाच बोलीमुळे ती चटकन जुळते आणि दहा वेगळ्या कचेऱ्यांत पसरलेली असते. ग्रॅनोव्हेटरचा सिद्धांत काकांच्या विरुद्धच साक्ष देतो.

तरीही पूर्वपक्षात सत्याचा अंश आहे आणि तो मी घेतो. आपली माणसं नाडतातही. नवख्याकडून दुप्पट भाडं घेणारा, व्हिसाची भीती घालून राबवून घेणारा बऱ्याचदा आपलीच भाषा बोलतो. काही कुडींत गावाची उच्चनीचताही पेटीतून आली होती, आणि बायकांना तिथे जागा नव्हती. परदेशातल्या मंडळात एकट्या राहणाऱ्या मुलीवर गावाइतकीच पाळत असते. म्हणून कसोटी हवी. जामीनदार कसा ओळखायचा? जो पहिल्या आठवड्यात तुम्हाला सरकारी कचेरीत घेऊन जातो, भाषेच्या वर्गात नाव घालायला लावतो आणि सहा महिन्यांनी "आता स्वतःचं घर बघ" म्हणतो, तो खरा. जो तुमचा पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवू पाहतो, तो आपल्या गावचा असला तरी परका.

आणखी एक गोष्ट, आपल्याच अंगणातली. नालासोपारा-विरारच्या चाळींत आणि इमारतींत रोज कुणीतरी पदवीधर उतरतो, कोकणातून, खानदेशातून, उत्तरेतून. गाववाल्याच्या खोलीत पाचवा म्हणून राहतो, अकरा महिन्यांच्या भाडेकरारासाठी ओळखीचं नाव शोधतो. त्याला पाहून आपण म्हणतो, "हे लोक आपल्याआपल्यातच राहतात." तो आपल्या शहरात तेच करतो आहे जे आपला भाचा स्टुटगार्टमध्ये करील. एकाला धडपड म्हणायचं आणि दुसऱ्याला घोळका, हा न्याय नाही.

भाच्याला मी निघताना एकच सांगितलं: "उतरल्यावर आपल्या माणसाकडे जा, लाजू नकोस. भाषा पहिल्या दिवसापासून शीक. आणि दोन वर्षांनी तुझ्या नावावर घर झालं की एक खाट जास्तीची ठेव." तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी बाहेर निघत असेल, तर "आपल्यांत राहू नकोस" असं सांगू नका. आणि जे आधीच तिकडे रुळले आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं: तुमच्यासाठी कुणीतरी सही केली होती. पुढच्या विमानाने येणाऱ्यासाठी आता तुम्ही करा.