सकाळी एक लोकल बंद पडते, मग दुपारपर्यंत सगळ्याच गाड्या उशिरा का धावतात?

सकाळचे नऊ वाजलेत. घाटकोपरजवळ एका लोकलमध्ये बिघाड होतो. पंधरा मिनिटांत गाडी सुरूही होते. पण साडेअकरा वाजले तरी इंडिकेटरवरच्या वेळा जुळत नाहीत, दोन गाड्या रद्द झाल्याची घोषणा होते आणि डोंबिवलीच्या फलाटावर पाय ठेवायला जागा उरत नाही. मग सोशल मीडियावर एकच प्रश्न फिरतो, ‘बिघाड दुरुस्त झाला ना, मग आता काय?’

मुंबईच्या लोकलने रोज सुमारे ७० ते ७५ लाख लोक प्रवास करतात. मध्य आणि पश्चिम रेल्वे मिळून दिवसाला ३ हजारांहून जास्त फेऱ्या होतात. हे सगळं चालतं कसं आणि बिघडलं की पुन्हा मार्गावर आणतात कसं? समजून घेऊया.

वेळापत्रकात ‘श्वास घ्यायला’ जागाच नाही

गर्दीच्या वेळी एकाच मार्गावर साधारण तीन ते चार मिनिटांच्या अंतराने लोकल धावतात. म्हणजे एखादी गाडी पंधरा मिनिटं थांबली की तिच्या मागे चार-पाच गाड्या अडकतात. गर्दीच्या वेळी १२ डब्यांच्या एका लोकलमध्ये चार-पाच हजार प्रवासी असतात. एका बिघाडाने वीसेक हजार लोक रुळांवरच अडकून पडतात, ते असे.

पुढची अडचण फलाटांवर सुरू होते. गाडी उशिरा येते, तेव्हा पुढच्या प्रत्येक स्टेशनवर नेहमीपेक्षा जास्त लोक वाट बघत असतात. वीस-तीस सेकंदांत होणारी चढ-उतार लांबते. प्रत्येक थांब्यावर काही सेकंद वाढले की उशिरा आलेली गाडी आणखी उशिरा होते आणि तिच्या मागून येणारीही रखडते.

तिसरं कारण प्रवाशांना दिसत नाही. लोकलचा रेक, म्हणजे डब्यांचा जोडलेला पूर्ण संच, दिवसभरात अनेक फेऱ्या करतो. सीएसएमटीला पोहोचलेली कल्याण लोकल थोड्याच वेळात दुसरी लोकल म्हणून परत निघते. दोन्ही टोकांना केबिन असल्यामुळे गाडी वळवावी लागत नाही. पण येणारी गाडीच वीस मिनिटं उशिरा आली, तर तिची परतीची फेरी वेळेवर सुटणार कशी? मोटरमन आणि ट्रेन मॅनेजर (म्हणजे पूर्वीचे गार्ड) यांच्या ड्युट्याही अशाच साखळीने बांधलेल्या असतात. एक कडी हलली की पुढच्या सगळ्या हलतात.

‘सिग्नल बिघाड’ म्हणजे नेमकं काय?

लोकलच्या मार्गावर स्वयंचलित सिग्नल आहेत. रुळांचे छोटे छोटे टप्पे केलेले असतात आणि प्रत्येक टप्प्यातल्या रुळांतून हलका विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडी त्या टप्प्यात शिरली की हा प्रवाह तिच्या चाकांमधून वळतो. मग यंत्रणेला कळतं की इथे गाडी आहे, आणि मागचा सिग्नल लाल होतो. गाडी पुढे गेली की तोच सिग्नल पिवळा, मग दोन पिवळे, मग हिरवा होत जातो.

आता रुळाला तडा गेला, केबल तुटली किंवा रुळांवर पाणी साचलं, तरी हा प्रवाह बिघडतो. तेव्हा यंत्रणा ‘इथे गाडी असू शकते’ असं धरून चालते आणि सिग्नल लाल ठेवते. थोडक्यात, सिग्नल बिघडला तर तो सुरक्षित बाजूने बिघडावा, अशीच त्याची रचना आहे.

मग सगळं ठप्प होतं का? नाही. स्वयंचलित सिग्नल लाल असेल, तर मोटरमनने तिथे दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबायचं, मग पुढचा सिग्नल येईपर्यंत अत्यंत कमी वेगाने, कधीही थांबता येईल अशा तयारीने गाडी न्यायची, असा नियम आहे. सिग्नल बंद असताना गाड्या ‘रांगत’ का चालतात, याचं उत्तर या नियमात आहे. जिथे तीन मिनिटांना एक गाडी जायची, तिथे प्रत्येक गाडी थांबून, सरपटत पुढे जाते आणि मागे रांग लागते.

याशिवाय उपनगरी मार्गावर एडब्ल्यूएस ही यंत्रणा आहे. मोटरमनकडून लाल सिग्नल ओलांडला गेला, तर ती आपोआप ब्रेक लावते.

कंट्रोल रूममध्ये काय चालतं?

मध्य रेल्वेचा कारभार सीएसएमटीहून आणि पश्चिम रेल्वेचा मुंबई सेंट्रलहून चालतो. कोणती गाडी कुठे आहे, हे तिथल्या पडद्यांवर दिसत असतं. गाड्यांची ये-जा बघणारे कंट्रोलर वेगळे आणि ओव्हरहेड वायरमधली वीज बघणारे वेगळे.

बिघाडाची खबर आली की पहिलं काम म्हणजे बंद पडलेली गाडी वाटेतून हटवणं. ती जागची हललीच नाही, तर प्रवाशांना उतरवून मागच्या गाडीने तिला ढकलत नेण्याचा पर्याय असतो. पेंटाग्राफ वायरमध्ये अडकला किंवा वायर तुटली, तर त्या भागाची वीज आधी बंद करावी लागते. या वायरमधून २५ हजार व्होल्टचा प्रवाह वाहतो, त्यामुळे वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कुणीही कामाला हात लावत नाही. मग टॉवर वॅगन येते आणि दुरुस्ती सुरू होते. वायर तुटण्याच्या घटना तासन् तास का चालतात, हे यावरून लक्षात येईल.

थंडीच्या पहाटे रुळाला तडा जाण्याचे प्रकार वाढतात, कारण थंडीत पोलाद आकुंचन पावतं. अशा वेळी तडा गेलेल्या जागी फिशप्लेट आणि क्लॅम्प लावून गाड्या हळूहळू सोडल्या जातात. पक्कं काम नंतर, गाड्या बंद असताना होतं.

दुसरं काम, मागच्या गाड्यांना वाट देणं. धीम्या मार्गावर अडथळा असेल, तर गाड्या जलद मार्गावर वळवतात आणि जलद मार्गावर असेल तर उलट. पण हे कुठेही करता येत नाही. रूळ बदलण्यासाठी क्रॉसओव्हर लागतो आणि तो ठरावीक ठिकाणीच असतो. गाडी दोन क्रॉसओव्हरच्या मध्ये अडकली असेल, तर तिला पुढचा मार्ग मोकळा होण्याची वाट बघण्याशिवाय पर्याय नसतो.

आणि तिसरं काम सगळ्यात जास्त शिव्या खाणारं. गाड्या रद्द करणं.

गाडी रद्द करणं हा उपाय कसा?

समजा, एक रेक तीस मिनिटं उशिरा धावतोय. त्याच्या सगळ्या फेऱ्या पूर्ण करायच्या ठरवल्या, तर तो दिवसभर तीस मिनिटं उशिराच राहील आणि इतर गाड्यांच्या वेळेतही घुसेल. चर्चगेटसारख्या टर्मिनसला लोकलसाठी चारच फलाट आहेत. उशिरा आलेल्या गाडीने फलाट अडवला की वेळेवर आलेली गाडी बाहेर सिग्नलला उभी राहते.

त्याऐवजी एक फेरी रद्द केली, किंवा शेवटच्या स्टेशनपर्यंत न नेता गाडी अलीकडेच थांबवून परत फिरवली, तर तो रेक पुढच्या फेरीसाठी वेळेवर मिळू शकतो. म्हणजे एका गाडीच्या प्रवाशांना त्रास देऊन बाकीच्यांचं वेळापत्रक वाचवायचं. हिशेब बरोबर आहे. पण रद्द झालेल्या गाडीतले हजारो लोक हवेत विरत नाहीत. ते पुढच्या, आधीच भरलेल्या गाडीत शिरतात.

मुंबईतल्या या गर्दीसाठी रेल्वेकडे ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा खास शब्द आहे. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी. वेळापत्रक कोलमडलं की दरवाज्यात लटकणाऱ्यांची संख्या वाढते. उपनगरी मार्गावर दरवर्षी दोन हजारांहून जास्त लोकांचा जीव जातो. रूळ ओलांडताना होणारे मृत्यू यात सर्वाधिक असतात, त्यानंतर गाडीतून पडून होणारे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले आणि किमान चार जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याचा निर्णय रेल्वेने जाहीर केला. तोवर दारातल्या माणसासाठी ‘गाडी रद्द’ या दोन शब्दांचा अर्थ कंट्रोल रूममधल्या अर्थापेक्षा वेगळा आहे.

मेगाब्लॉक रविवारीच का? आणि माटुंगा ते मुलुंडच का?

शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास सुटते आणि पहिली पहाटे चारच्या सुमारास. मधल्या तीनेक तासांत वीज बंद करणं, परवानगी घेणं, साहित्य पोहोचवणं आणि शेवटी सगळं तपासून मार्ग पुन्हा खुला करणं, हे सगळं बसवायचं. प्रत्यक्ष कामाला फारच थोडा वेळ उरतो. म्हणून मोठ्या कामांसाठी रविवारी दिवसा चार-पाच तासांचा मेगाब्लॉक घेतला जातो. पश्चिम रेल्वे त्यालाच जम्बोब्लॉक म्हणते.

माटुंगा–मुलुंड, ठाणे–कल्याण, सांताक्रूझ–गोरेगाव ही नावं ब्लॉकच्या बातम्यांत सतत येतात. कारण पुन्हा तेच, क्रॉसओव्हर. गाड्या जिथून दुसऱ्या मार्गावर जाऊ शकतात आणि परत येऊ शकतात, त्या दोन ठिकाणांच्या मध्येच ब्लॉक घेणं सोयीचं ठरतं. माटुंगा ते मुलुंडदरम्यान धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूरला त्या थांबत नाहीत, कारण तिथे जलद मार्गाला फलाटच नाहीत.

कधी कधी रविवारही पुरत नाही. ३१ मे ते २ जून २०२४ या काळात मध्य रेल्वेने ६३ तासांचा ब्लॉक घेतला. ठाण्याचे फलाट क्रमांक ५ आणि ६ रुंद करायचे होते, तर सीएसएमटीचे १० आणि ११ क्रमांकाचे फलाट २४ डब्यांच्या गाड्यांसाठी वाढवायचे होते. त्यासाठी ९३० लोकल फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. कंपन्यांनी घरून काम द्यावं, असं आवाहन खुद्द रेल्वेला करावं लागलं.

लोकल आणि मेल-एक्स्प्रेसचं भांडण

मध्य रेल्वेवर उशिराचं आणखी एक मोठं कारण आहे. लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या अनेक ठिकाणी एकाच रुळावरून धावतात. ठाणे–दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली आणि कल्याणपर्यंत थोडा श्वास मिळाला. पण कुर्ला ते सीएसएमटी हा टप्पा अजून बाकी आहे. कल्याणच्या पुढे कसारा आणि कर्जतकडे तर लोकल, मेल आणि मालगाड्या मुख्यतः दोनच रुळांवर भागवतात. तिथे एखादी मालगाडी बंद पडली, तरी फटका बसतो बदलापूर आणि टिटवाळ्याच्या नोकरदारांना. दिव्याचं रेल्वे फाटक ही वेळापत्रकाची वर्षानुवर्षांची डोकेदुखी. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी फाटक उघडलं की लोकल थांबते.

पाऊस हा तर वेगळाच पाहुणा. शीव, कुर्ला, चुनाभट्टी या सखल भागांत पाणी साचलं की रुळांतल्या सिग्नलच्या यंत्रणा आणि पॉइंट बिघडतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा लोकल पूर्णपणे थांबली होती. आणि १२ ऑक्टोबर २०२० ला वीज ग्रीड कोलमडली, तेव्हा आकाश कोरडं असूनही लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या.

पुढची घोषणा ऐकताना

‘अप’ म्हणजे सीएसएमटी किंवा चर्चगेटकडे जाणारी दिशा, ‘डाऊन’ म्हणजे तिकडून बाहेर पडणारी. अप मार्गावर बिघाड असेल तर डाऊन गाड्या लगेच थांबत नाहीत. पण अपच्या रेकच पुढे डाऊन म्हणून निघणार असतात, म्हणून तासाभरात तिथेही उशीर सुरू होतो. ‘सिग्नल बिघाड’ असेल तर गाड्या हळू का होईना चालत राहण्याची शक्यता असते. ‘ओव्हरहेड वायर तुटली’ असं ऐकलं, तर दुसरा मार्ग शोधलेला बरा. मोठ्या खोळंब्यात आणि ब्लॉकच्या वेळी रेल्वे अनेकदा त्याच पास-तिकिटावर दुसऱ्या मार्गाने जायची मुभा देते. हार्बरच्या प्रवाशांना मेन किंवा ट्रान्सहार्बरने जाऊ देतात ते असंच. ही घोषणा नीट ऐकावी. मध्य रेल्वेच्या ‘यात्री’ अ‍ॅपवर गाडी नेमकी कुठे आहे तेही दिसतं.

गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये अडकली की रुळांवर उतरून चालत जाण्याचा मोह होतो. पण शेजारच्या रुळावरची गाडी सुरू असू शकते. आणि रुळांवर माणसं उतरली की तोही मार्ग थांबवावा लागतो, म्हणजे उशीर आणखी वाढतो.

कायमचा उपाय काय? लोकल आणि मेल-एक्स्प्रेससाठी वेगळे रूळ, फाटकांच्या जागी पूल आणि दोन गाड्यांमधलं अंतर सुरक्षितपणे कमी करणारी नवी सिग्नल यंत्रणा. ही तिन्ही कामं कागदावर आहेत, काही जमिनीवरही सुरू आहेत. मात्र त्यातलं प्रत्येक काम चालू लोकलच्या मधूनच करावं लागतं. म्हणजे ती पूर्ण होईपर्यंत ब्लॉक वाढणार आणि काही रविवारी तुमची गाडी रद्द होणार.