काम, खेळ आणि मांडीवरचें गणकयंत्र

घरांत नवा लॅपटॉप घ्यावयाचा असें ठरलें म्हणजे हल्लीं आपल्या मध्यमवर्गीय घरांतून एक वाद हमखास उभा राहतो. मुलाचें किंवा मुलीचें म्हणणें असें कीं, दिवसां अभ्यासाचें वा नोकरीचें काम करील आणि रात्रीं नवे खेळही नीट चालवील असें एकच उत्तम यंत्र घ्यावें. वडिलांचें म्हणणें असें कीं, कामाचें यंत्र तें कामाचें. खेळापायीं लाखभर रुपये अधिक मोजणें ही निव्वळ उधळपट्टी होय, आणि एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत हें आपले वाडवडील सांगून गेलेच आहेत. रक्कम लहान नसते; कित्येक घरीं ती वर्षभराच्या शिलकेइतकी असते. म्हणूनच वादास धार येते. परंतु पैशाच्या आड खरा प्रश्न निराळाच असतो. खेळ ही कामाच्या वेळेची चोरी आहे, कीं कामाचेंच तें दुसरें अंग आहे? या प्रश्नाचा निकाल लावण्यापूर्वीं खुद्द या यंत्राचा इतिहास काय सांगतो तें पाहणें आम्हांस इष्ट वाटतें. तो इतिहास उण्यापुऱ्या साठ-पासष्ट वर्षांचा आहे, आणि त्यांत वडील व मुलें या उभयतांच्या बाजूचा पुरावा सांपडतो.

१९६१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठास पीडीपी-१ नांवाचें गणकयंत्र मिळालें. त्याची किंमत सुमारें १,२०,००० डॉलर होती आणि वजन सातशें किलोंहून अधिक होतें. एवढ्या मोलाच्या यंत्रावर स्टीव्ह रसेल व त्यांचे सोबती यांनीं १९६२ सालीं ‘स्पेसवॉर’ नांवाचा खेळ रचला. पडद्यावर दोन अंतराळयानें, मध्यें एक तारा, आणि त्या ताऱ्याचें गुरुत्वाकर्षण सांभाळीत एकमेकांवर मारा करणारे दोन खेळाडू, एवढाच तो खेळ. वरवर पाहणारास हा मूल्यवान् वेळेचा अपव्ययच वाटेल. परंतु यंत्र बनविणाऱ्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीस तसें वाटलें नाहीं. हा खेळ यंत्राच्या बहुतेक अंगांस एकदम कामास जुंपतो हें तिच्या लोकांनीं ओळखलें, आणि यंत्र ठीक चालतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ते त्याच खेळाचा उपयोग करूं लागले. म्हणजे ज्यास आपण चैन म्हणतों ती आरंभींच यंत्राची परीक्षा होऊन बसली.

यानंतर दहा वर्षांनीं, १९७२ सालीं, ॲलन के या संशोधकानें झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत काम करीत असतां एक निबंध लिहिला. त्यांत त्यानें ‘डायनाबुक’ या यंत्राची कल्पना मांडली. वहीएवढें, कोठेंही नेतां येणारें आणि मुलांनीं वापरावयाचें असें तें गणकयंत्र होतें. तसें यंत्र तयार करणें त्या काळीं शक्य नव्हतें; पण आजच्या लॅपटॉपची वंशावळ सांगणारा कोणीही या निबंधापाशीं थांबल्यावांचून पुढें जात नाहीं. या निबंधाचा आरंभ लक्षांत ठेवण्याजोगा आहे. एक मुलगा व एक मुलगी गवतावर पडून आपापल्या डायनाबुकवर स्पेसवॉर खेळत आहेत, असें तें चित्र आहे. खेळतां खेळतां सूर्याच्या आकर्षणानें यानाची गति कशी बदलावी हा प्रश्न त्यांस पडतो, आणि त्या प्रश्नाच्या मागें लागून तीं पदार्थविज्ञानांत शिरतात. मांडीवरच्या यंत्राची कल्पना जन्मली तीच मुळीं खेळ आणि अभ्यास यांच्यामधील भिंत पाडून जन्मली.

मात्र कल्पना जरी मुलांच्या अंगणांत जन्मली, तरी प्रत्यक्ष यंत्र वाढलें तें व्यापाऱ्याच्या पेढीवर. १९८१ सालीं निघालेलें ऑस्बोर्न-१ हें पेटीसारखें यंत्र १,७९५ डॉलरांस मिळे. त्याचें वजन सुमारें ११ किलो होतें, पडदा अवघा पांच इंचांचा होता, आणि सोबत लेखनाची व हिशेबाची साधनें दिलेलीं असत. १९८२ सालीं ग्रिड कंपास हें यंत्र आलें. बिल मॉग्रिज यांनीं आंखलेली त्याची रचना शिंपल्याप्रमाणें मिटणारी होती. झांकण उघडावें तों वर पडदा व खालीं कळा, हा जो लॅपटॉपचा घाट आज आपणांस स्वाभाविक वाटतो तो या यंत्रानें घालून दिला. परंतु त्याची किंमत ८,१५० डॉलर होती; अर्थात् तें मोठ्या अधिकाऱ्यांच्या व सरकारी खात्यांच्याच हातीं पडलें. तेव्हांपासून हातांत नेण्याचें यंत्र म्हणजे गंभीर मनुष्याचें साधन, अशी समजूत रूढ झाली. आपल्या वडिलांच्या मनांत जी समजूत आहे तिचें मूळ येथें आहे.

पण या गंभीर काळांतही खेळ मागील दारानें आंत आलाच. आय. बी. एम. च्या यंत्राची हुबेहूब प्रतिकृति करण्याची तेव्हां चढाओढ लागली होती. आपली प्रतिकृति खरोखरच अस्सल यंत्राप्रमाणें चालते हें सिद्ध करण्यास दोन कसोट्या लोकमान्य झाल्या होत्या. एक ‘लोटस १-२-३’ हा हिशेबाचा कार्यक्रम, आणि दुसरी ‘फ्लाइट सिम्युलेटर’ हा विमान चालविण्याचा खेळ. जें यंत्र हीं दोन्हीं चालवील तें खरें. जमाखर्चाची वही आणि आकाशांतील भरारी यांनीं मिळून यंत्राची परीक्षा घ्यावी, ही गोष्ट आमच्या मतें फार बोलकी आहे. याच दशकांत कित्येक खेळांत एक गमतीची सोय ठेवलेली असे. तिला ‘बॉस-की’ म्हणत. साहेब टेबलाजवळ येतांच ती कळ दाबावी, म्हणजे खेळ अदृश्य होऊन पडद्यावर खोटाच आंकड्यांचा तक्ता उभा राही. यंत्राला काम आणि खेळ सारखेच होते. लपवालपवी मनुष्याची होती.

पुढें १९९० नंतरच्या दशकांत खेळांतील चित्रें त्रिमिति झालीं आणि त्यांसाठीं यंत्रांत स्वतंत्र ग्राफिक्स चिप बसविण्याची चाल पडली. १९९९ सालीं एनव्हिडिया कंपनीनें ‘जीफोर्स २५६’ बाजारांत आणली आणि ‘जीपीयू’ हें नांव सर्वतोमुखीं केलें. हजारों ठिपक्यांचा रंग व जागा यांचा हिशेब एकदम, समांतर रीतीनें करावयाचा, हें या चिपचें काम. खेळणाऱ्या पोरांच्या पैशावर ती वर्षानुवर्षें सुधारत गेली. मग विद्वानांच्या ध्यानांत आलें कीं, असाच समांतर हिशेब शास्त्रांतही जागोजाग लागतो. २००७ सालीं याच कंपनीचें ‘क्युडा’ हें साधन उपलब्ध झालें आणि खेळाच्या चिपवर शास्त्रीय गणित करणें सुलभ झालें. २०१२ सालीं टोरोंटो विद्यापीठांतील ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुट्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनीं चित्रें ओळखण्याच्या एका स्पर्धेंत इतर सर्वांस फार मागें टाकलें. त्यांचें गणित ज्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर झालें तीं खेळांसाठीं विकलीं जाणारींच होतीं. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगाचा उदय बहुतेक अभ्यासक याच घटनेपासून मोजतात, आणि हिंटन यांस २०२४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिकही मिळालें. तेव्हां खेळाचें यंत्र कामाचें नव्हे, हें म्हणणें आतां टिकण्याजोगें नाहीं. वास्तुशिल्पाचे आराखडे, चित्रपटाचें संकलन, शास्त्रीय गणित, हीं सारीं कामें जी चिप मागतात ती खेळानेंच वाढविलेली आहे. येथवर निकाल मुलांच्या बाजूनें लागतो.

आतां वडिलांची बाजू. ती नीतीची नसून उष्णतेची आहे, आणि म्हणूनच अधिक बळकट आहे. जितकी वीज यंत्रांत शिरते तितकी अखेर उष्णता होऊन बाहेर पडावी लागते. मेजावरच्या मोठ्या यंत्रास पंखे, हवा व जागा यांचा तोटा नसतो. मांडीवरच्या यंत्रास बोटभर जाडींत सर्व संसार करावा लागतो. या शतकाच्या आरंभीं खेळाचे म्हणून जे लॅपटॉप निघाले ते विटेसारखे जाड व जड होते. १९९६ सालीं मायामी येथें स्थापन झालेल्या एलियनवेअर कंपनीची यंत्रें त्या काळीं प्रसिद्धीस आलीं. २०१० सालीं ‘ऑप्टिमस’ नांवाची युक्ति निघाली. तिनें एकाच यंत्रांत दोन चिपा नांदविल्या. साध्या लेखनास लहान चिप, खेळास अथवा अवजड कामास मोठी, आणि अदलाबदल आपोआप. एका म्यानांत दोन तलवारी खरोखरच राहूं लागल्या! २०१७ सालीं ‘मॅक्स-क्यू’ या नांवाखालीं सडपातळ यंत्रें आलीं. त्यांत चिप तीच, पण तिला वीज कमी देऊन उष्णता आटोक्यांत ठेवलेली असे.

येथेंच ग्राहकाची फसगत होऊं लागली. नांव एक आणि बळ निराळें, असा प्रकार सुरू झाला. उदाहरणार्थ, आरटीएक्स ४०९० हें नांव मेजावरच्या कार्डासही आहे आणि लॅपटॉपमधील चिपेसही आहे. परंतु पहिल्यास ४५० वॅटपर्यंत वीज मिळते, दुसरीस फार तर १७५ वॅट, आणि दोहोंच्या आंतील मूळ चिपाही भिन्न आहेत. इतकेंच नव्हे, तर एकाच नांवाची चिप एका लॅपटॉपांत ८० वॅटवर तर दुसऱ्यांत १५० वॅटवर चालविलेली असूं शकते. आम्हीं स्वतः एकदां असेंच नांव पाहून एक सुबक, पातळ यंत्र घेतलें. एका तासाच्या श्रमानंतर पंख्याचा घोष घरभर ऐकूं येई, कळांवर बोट ठेववेना, आणि काम निम्म्या वेगानें चाले. दोष आमच्या वाचनाचा होता. नांव आम्हीं वाचलें होतें, वॅट विचारले नव्हते.

बॅटरीचीही अशीच गोष्ट आहे. १०० वॅट-तासांहून मोठी बॅटरी विमानांतून नेण्यास विमानकंपनीची खास परवानगी लागते. म्हणून बडीं यंत्रेंही ९९ वॅट-तासांच्या आसपास थांबतात. २०० वॅट खाणारें यंत्र एवढ्या शिदोरीवर अर्धा तासही पुरतें चालणार नाहीं, हा हिशेब शाळेंतील मूलही करील. म्हणूनच तार काढतांच असलीं यंत्रें आपलें बळ आपोआप आवरून घेतात. प्रवासांत बॅटरीवर तासन् तास भारी खेळ चालेल, ही आशा कोणीं धरूं नये.

या इतिहासावरून निवडीचे नियम सहज निघतात. पहिला नियम, आधीं काम कोणतें तें ठरवावें. केवळ लेखन, हिशेब व वाचन असेल तर मोठी ग्राफिक्स चिप त्या कामास निरुपयोगी होय. मग तिची किंमत खेळाचीच किंमत आहे हें मोकळेपणानें मान्य करून द्यावी किंवा देऊं नये. आराखडे, चित्रफिती वा शास्त्रीय गणित असेल तर तीच चिप दोन्हीं बाजूंनीं मोल परत करते. दुसरा नियम, चिपेच्या नांवाबरोबर तिचे वॅट विचारावे, आणि तासाभराच्या श्रमानंतर यंत्र कसें वागतें याचीं परीक्षणें वाचावीं. उष्णता बाहेर टाकण्याचा वेग यंत्र व भोंवतालची हवा यांच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असतो. यास्तव विदर्भ-खानदेशांतील उन्हाळ्यांत थोडें जाड यंत्रच शहाणें. तिसरा नियम, स्मृति किती हें पाहावें, आणि ती मागाहून वाढवितां येते कीं पाटीवर कायमची जडविलेली आहे हेंही पाहावें. जडविलेली असेल तर अशा दुहेरी कामास आरंभींच ३२ जीबी घेणें हिताचें. चौथा, पडदा. खेळास चित्र सेकंदास किती वेळां बदलतें याचें महत्त्व, तर कामास अक्षरांचा रेखीवपणा व रंगांचा खरेपणा यांचें. डोळे मात्र दिवसभर कामाच्याच पडद्याकडे पाहतात. पांचवा, वजन मोजतांना तारेसह येणारी विजेची वीटही तराजूंत घालावी; पाठीवर दोन्हीं येतात. ॲपलनें २०२० पासून स्वतःच्या चिपा घालून काढलेलीं यंत्रें थंड आणि दीर्घकाळ चालणारीं आहेत खरीं. परंतु पुष्कळसे नवे खेळ विंडोजसाठींच निघतात, हें विसरून चालणार नाहीं.

हे नियम पाळूनही सर्व गुण एका यंत्रांत मिळणार नाहींत. बळ, हलकेपणा, शांतता व किंमत यांपैकीं कशावर तरी पाणी सोडावेंच लागेल, आणि तें कशावर सोडावयाचें हें घरानें एकत्र बसून ठरवावें. यंत्र घेतल्यावर खेळास वेळ किती, हा प्रश्न तर सर्वस्वीं घराचा आहे. त्याचें उत्तर कमी शक्तीचें यंत्र घेऊन मिळत नाहीं. खेळावयाचें असेल तर मूल मोबाइलवरही खेळतेंच. वडिलांनीं खेळास चोरी मानूं नये आणि मुलांनीं खेळास अभ्यासाचें खोटें नांव देऊं नये, एवढें झालें तरी पुष्कळ. दुकानांत जाण्यापूर्वीं ‘हें कामासाठीं, आणि हें खेळासाठीं’ असें उघडपणें बोललें गेलें, तर त्या घरच्या यंत्रांत ‘बॉस-की’ची गरज पडणार नाहीं.